ई-सायकल घेताना आधी आपला चढ मोजा

प्रत्येक हौशी सायकलस्वाराचा एक नावडता चढ असतो. तिथवर फेरी मजेत होते. चढ लागला की खालचे गिअर संपतात, श्वास भात्यासारखा चालू लागतो आणि शेवटी उतरून सायकल ढकलावी लागते. असं चार-पाच वेळा झालं की माणूस त्या रस्त्याला जाणंच सोडून देतो. माझंही तसंच झालं. गुडघा दुखावल्यावर वर्षभर मी सपाट रस्त्यावरच्या त्याच त्या फेऱ्या मारत राहिलो. मग एक दिवस लक्षात आलं, मला आवडणारे सगळे रस्ते त्या चढाच्या पलीकडे आहेत.

ई-सायकल घ्यायची ती अशा चढासाठी. म्हणून या लेखातला प्रत्येक निर्णय, मोटर कुठली, बॅटरी केवढी, सेन्सर कोणता, मी त्या चढाच्या हिशेबानेच सांगणार आहे. जाहिरातीत वॉटचा आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो आणि निवडताना त्याचाच उपयोग सगळ्यात कमी होतो.

शब्दाचा एक खुलासा. मराठीत ‘बाइक’ म्हटलं की डोळ्यांसमोर मोटारसायकल येते, आणि ‘ई-बाइक’ म्हणून पायडल नसलेल्या विजेच्या दुचाक्याही विकल्या जातात. इथे ‘ई-सायकल’ म्हणजे पायडल मारून चालणारी, आपल्या जोरात मोटरचा जोर मिसळणारी सायकल.

चढाचं गणित

फेरीचा रस्ता नकाशाच्या एखाद्या ॲपवर आखा. एकूण किती मीटर चढाई आहे आणि सगळ्यात अवघड तुकडा किती लांबीत किती उंची गाठतो, हे तिथे दिसतं. १ किलोमीटरमध्ये ६० मीटर उंची म्हणजे ६ टक्के चढ. हे दोन आकडे कागदावर लिहा, पुढे ते सारखे लागतील.

आता समजा तुम्ही, सायकल आणि पाठीवरची पिशवी मिळून वजन १०० किलो आहे. ६ टक्क्यांच्या चढावर ताशी १२ किलोमीटरने जायचं तर नुसतं वजन वर उचलायला सुमारे १९५ वॉट लागतात. टायरचं घर्षण आणि हवेचा रोध धरला तर २३० वॉटच्या आसपास. नियमित सराव नसलेला माणूस बराच वेळ न थकता साधारण १०० ते १२० वॉट देऊ शकतो. एवढ्या जोरावर साधी, हलकी सायकल त्या चढावर ताशी ६-७ किलोमीटरने सरकते. त्या वेगात तोल सावरणंही जड जातं, म्हणून तर आपण उतरतो. उरलेले ११०-१३० वॉट मोटरने दिले की प्रश्न मिटतो.

हा हिशेब केल्यावर मला आश्चर्य वाटलं होतं. ज्या चढाने वर्षभर अडवलं, त्याला फक्त आपल्याइतक्याच आणखी एका माणसाचा जोर हवा होता. ७५० वॉट किंवा १००० वॉटची मोटर बघत बसण्याची गरज बहुतेक हौशी फेऱ्यांना नसते. वजन जास्त असेल, सामान बरंच असेल किंवा चढ १२-१५ टक्क्यांचा असेल तर गोष्ट वेगळी. पण तेव्हाही वॉटपेक्षा टॉर्क (म्हणजे चाक फिरवणारा जोर) आणि गिअर बघायचे असतात.

‘२५० वॉट’ असं लिहिलेलं असतं ती मोटर न तापता सतत देऊ शकते ती शक्ती. थोड्या वेळासाठी तीच मोटर ५०० वॉटच्या पुढेही जाते. त्यामुळे २५० वॉटच्या दोन सायकली चढावर अगदी वेगळ्या वागू शकतात. चढावरचा खरा फरक न्यूटन-मीटरमध्ये मोजलेल्या टॉर्कवरून कळतो. चाकातल्या मोटरी साधारण ३० ते ५० न्यूटन-मीटर देतात, पायडलजवळच्या ५० ते ८५, काही त्याहूनही जास्त.

मोटर कुठे हवी

चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, मोटर बसवायची कल्पना फार जुनी आहे. अमेरिकेत ऑग्डन बोल्टन यांना मागच्या चाकात मोटर असलेल्या सायकलचं पेटंट मिळालं ते १८९५ साली. मोटर तेव्हाही जमली होती. अडलं होतं ते बॅटरीवर, आणि ती अडचण पुढची शंभर वर्षं सुटली नाही.

आज हब मोटरचे दोन प्रकार मिळतात. गिअर असलेल्या हबमध्ये छोटी मोटर आत वेगाने फिरते आणि दातेरी चाकं तो वेग कमी करून टॉर्क वाढवतात. आत एकेरी क्लच असतो, म्हणून मोटर बंद असताना चाक मोकळं फिरतं. गिअर नसलेली, थेट फिरणारी हब मोटर शांत चालते, झिजायला तिच्यात फारसं काही नसतं आणि उतारावर थोडी वीज परत बॅटरीत भरता येते. पण ती जड असते आणि मोटर बंद करून पायडल मारलं तर चुंबकांची ओढ पायाला जाणवते. उतारावर परत मिळणारी वीज हौशी फेरीत इतकी थोडी असते की तेवढ्यासाठी ही मोटर घेऊ नये.

मिड-ड्राइव्ह म्हणजे क्रँकजवळची, पायडलच्या दांड्या जिथे जोडलेल्या असतात तिथली मोटर. ती आपला जोर साखळीवरच देते, त्यामुळे सायकलचे सगळे गिअर तिलाही मिळतात. चढावर खालचा गिअर टाकला की मोटर तिला सोयीच्या वेगाने फिरत राहते. हब मोटरला ही सवलत नाही. चाक हळू फिरलं की तीही हळू फिरते, त्या वेगात तिची कार्यक्षमता घसरते आणि वीज उष्णतेत जाते. लांब, खड्या चढावर हब मोटर तापून जोर कमी करते, त्याचं कारण हे.

मग सरळ मिड-ड्राइव्ह घ्यावी का? तुमच्या कागदावरचा अवघड तुकडा ७-८ टक्क्यांच्या वर आणि एखाद्या किलोमीटरहून लांब असेल तर माझं उत्तर हो. त्याहून सौम्य रस्त्यांना गिअरची हब मोटर पुरते. ती सोपी असते, साखळी आणि कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) कमी झिजवते. मिड-ड्राइव्हमध्ये माणसाचा आणि मोटरचा असा दोघांचा जोर त्याच साखळीवर येतो, त्यामुळे साखळी लवकर ताणते. गिअर बदलताना पायाचा जोर क्षणभर सैल सोडायची सवयही लावून घ्यावी लागते.

मागच्या चाकात हब मोटर असेल तर विकत घेण्याआधी पंक्चरचा विचार करा. चाक काढायला झटपट उघडणारी खिट्टी नसते, नट असतात आणि त्यांना बहुधा १८ मिलिमीटरचा पाना लागतो. मोटरची वायर आधी जोडातून सोडवावी लागते. नटाखालचे खाचेचे वायसर ज्या बाजूने निघाले त्याच बाजूने परत बसायला हवेत, कारण मोटरचा आस फ्रेममध्ये उलटा फिरू नये म्हणून ते असतात. हे काम घरी निवांतपणे दोनदा करून बघा. रस्त्याच्या कडेला अंधार पडत असताना पहिल्यांदा शिकायची ही गोष्ट नाही.

सेन्सर: सायकल सायकलसारखी वाटते ती यामुळे

या भागावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे. खरेदीत हीच गोष्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते, आणि माझी पहिली ई-सायकल मी वर्षभरात विकली ती याच कारणाने.

कॅडेन्स सेन्सर फक्त एवढंच पाहतो की पायडल फिरतंय की नाही. क्रँकजवळच्या चकतीवरचे चुंबक सेन्सरसमोरून गेले की कंट्रोलर मोटर चालू करतो. तुम्ही हळुवार पाय फिरवा नाहीतर जीव तोडून, मोटर ठरलेल्या पातळीचाच जोर देते. मोटर सुरू व्हायला अर्धा फेरा लागतो आणि पाय थांबल्यावरही ती क्षणभर चालत राहते. सपाट, मोकळ्या रस्त्यावर याने काही बिघडत नाही. चढावर थांबून पुन्हा निघताना मात्र, जिथे मदत सगळ्यात जास्त हवी, तिथे ती उशिरा येते. अरुंद वळणावर नको तेव्हा सायकल पुढे ढकलली जाते. माझी पहिली सायकल अशाच एका ओल्या वळणावर निसटली होती.

टॉर्क सेन्सर पायडलवर किती जोर पडतोय ते मोजतो. तुम्ही थोडं दाबलं तर मोटर थोडं देते, जास्त दाबलं तर जास्त. यामाहाने १९९३ साली जपानमध्ये ‘पास’ ही सायकल आणली तेव्हापासून या कल्पनेची सायकल बाजारात आहे. अशा सायकलवर बसल्यावर आपले पाय तरुण झाल्यासारखे वाटतात, मोटर चालू आहे हे विसरायला होतं. व्यायामही होतो, कारण पाय थांबले की मदत थांबते. चढावर हृदयाची धडधड वाढतेच, फक्त ती आपल्या आवाक्यात राहते.

विक्रेत्याला सरळ विचारा, ‘टॉर्क सेन्सर आहे का?’ उत्तर गोलमोल आलं तर स्वतः तपासा. मोटरच्या मदतीची सगळ्यात वरची पातळी लावा, खालचा गिअर टाका आणि अजिबात जोर न देता नुसते पाय फिरवा. मोटर जोरात ओढायला लागली तर तो कॅडेन्स सेन्सर. सौम्यच राहिली आणि दाबल्यावर वाढली तर टॉर्क सेन्सर.

बॅटरी: पाकिटात किती वॉट-अवर आहेत

१९९१ साली सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि बोल्टन यांच्या काळापासून अडलेलं काम पुढे सरकलं. ई-सायकलच्या बॅटरीत करंगळीएवढे दंडगोल सेल असतात. १८६५० हे त्यांच्यातलं सगळ्यात ओळखीचं माप, म्हणजे व्यास १८ मिलिमीटर आणि लांबी ६५. अशा एका सेलचा व्होल्टेज साधारण ३.६ व्होल्ट. १० सेल एकामागे एक जोडले की ३६ व्होल्ट, १३ जोडले की ४८ व्होल्टची बॅटरी म्हणतात ती होते.

तुम्हाला हवा तो आकडा वॉट-अवरचा, म्हणजे बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचा. तो छापलेला नसेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा. ३६ व्होल्ट आणि १४ अँपिअर-अवर म्हणजे ५०४ वॉट-अवर. नुसते व्होल्ट किंवा नुसते अँपिअर-अवर यांची तुलना करून काही कळत नाही.

आता पुन्हा कागद घ्या. १०० किलो वजन १०० मीटर उंच न्यायला २७ वॉट-अवर ऊर्जा लागते. हा निसर्गाचा हिशेब आहे, कोणत्याही कंपनीच्या मोटरने तो बदलत नाही. त्यातली अर्धी तुमच्या पायांनी दिली आणि मोटरमध्ये पाव भाग वाया गेला असं धरलं तर बॅटरीतून दर १०० मीटर चढाईला सुमारे १८ वॉट-अवर जातात. सपाटीला मध्यम मदत घेतली तर किलोमीटरमागे ५ वॉट-अवर धरा. ४० किलोमीटरची फेरी आणि त्यात ६०० मीटर चढाई असेल तर २०० अधिक ११०, म्हणजे ३१० वॉट-अवर.

५०० वॉट-अवरची बॅटरी इथे आरामात पुरेल असं वाटतं, आणि नवी असताना पुरतेही. पण थंडीत बॅटरी कमी देते, समोरून वारा असला की खर्च वाढतो, आणि काही वर्षांनी तिची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर येते. तेव्हा तिच्यात ४०० वॉट-अवर उरतात. म्हणून मी स्वतःसाठी असा नियम ठेवला आहे: नेहमीच्या सगळ्यात मोठ्या फेरीचा हिशेब करून त्याच्या दीडपट बॅटरी घ्यायची. त्याहून मोठी घेतली तर नुसतं वजन वाढतं. ‘एका चार्जमध्ये १२० किलोमीटर’ हे वाक्य वाचलं की ते सगळ्यात कमी मदतीवर, सपाट रस्त्यावरचं आहे असं समजा.

वेगाचाही मोठा परिणाम होतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी २२ वरून ३२ किलोमीटरवर गेलात तर तो दुपटीहून जास्त होतो. बॅटरी पुरवायची असेल तर सपाटीला वेग आवरा आणि वीज चढासाठी राखून ठेवा.

बॅटरीतली जोखीम

लिथियमची बॅटरी पेटली तर ती आग विझवणं अतिशय अवघड असतं. न्यूयॉर्क शहरात अशा आगींनंतर २०२३ मध्ये कायदा लागू झाला आणि यूएल २८४९ या मानकाचं प्रमाणपत्र नसलेल्या ई-सायकलींच्या विक्रीवर बंदी आली. हे मानक सायकलच्या संपूर्ण विद्युत यंत्रणेला लागू होतं, यूएल २२७१ फक्त बॅटरीला. युरोपात ईएन १५१९४ हे ई-सायकलचं मानक आहे. तुमच्या देशात सक्ती असो वा नसो, यांपैकी काहीतरी सायकलवर किंवा कागदपत्रांत शोधा. कुणीतरी जुने सेल जोडून बनवलेली स्वस्त बॅटरी कितीही मोह झाला तरी घेऊ नका.

बॅटरीच्या आत बीएमएस नावाचं सर्किट असतं. सेल जादा भरणं, पार रिकामे होणं, तापणं यांवर ते नजर ठेवतं. चांगल्या आणि वाईट बॅटरीतला मोठा फरक बाहेरून न दिसणाऱ्या या सर्किटमध्ये आणि सेलच्या प्रतीत असतो.

चार्जर बॅटरीबरोबर आलेलाच वापरा. ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्टवर असते, ४८ व्होल्टची ५४.६ वर. दोन्ही चार्जरची पिन सारखी असू शकते. घरात दोन ई-सायकली असतील आणि चुकून ४८ चा चार्जर ३६ ला लागला, तर प्रत्येक सेलवर ४.२ ऐवजी जवळपास साडेपाच व्होल्टचा ताण येतो आणि मध्ये उभा असतो फक्त बीएमएस. चार्जरवर रंगीत टेप चिकटवून ठेवा.

बाकीचं थोडक्यात. दारासमोर, बाहेर पडायच्या वाटेवर चार्जिंग करू नका. सगळे झोपलेले असताना किंवा घरी कुणी नसताना करू नका. चढ चढून आल्यावर बॅटरी गरम असते, तिला अर्धा-पाऊण तास निवू द्या. शून्य अंशाखालच्या थंडीत चार्ज करू नका, आधी खोलीच्या तापमानाला आणा. पडलेली, फुगलेली, वास येणारी किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी चार्ज न करता दुरुस्तीवाल्याला दाखवा. रोजच्या छोट्या फेऱ्यांसाठी ८० टक्क्यांपर्यंत भरली तरी पुरते आणि तिचं आयुष्य वाढतं. महिनाभर सायकल बाहेर काढायची नसेल तर अर्धी भरलेली बॅटरी थंड, कोरड्या जागी ठेवा.

कायदा: सायकल कुठवर सायकल राहते

सगळ्या देशांच्या नियमांमागे प्रश्न एकच आहे: मोटर लावल्यावरही ही सायकलच मानायची, की मोटर वाहन? सायकल मानली तर परवाना, नोंदणी, विमा यांची कटकट बहुतेक ठिकाणी नसते. रेषा ओलांडली की सगळं लागू होतं.

युरोपीय संघात मोटरची सतत शक्ती २५० वॉटपर्यंत हवी, पायडल थांबलं की मदत थांबायला हवी आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत ती हळूहळू कमी होत बंद व्हायला हवी. ढकलत नेताना ताशी ६ किलोमीटरपर्यंतची मदत चालते. ताशी ४५ पर्यंत मदत देणाऱ्या ‘एस-पेडेलेक’ तिथे मोपेडच्या वर्गात जातात, त्यांना नंबरप्लेट लागते. ब्रिटनमध्येही २५० वॉट आणि ताशी १५.५ मैल ही मर्यादा आहे, शिवाय चालवणाऱ्याचं वय किमान १४ वर्षं हवं. भारताच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ३० मिनिटं टिकणारी शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि ताशी २५ किलोमीटरला बंद होणारी मदत अशी पायडल असलेली सायकल मोटर वाहन मानली जात नाही. जपानचा नियम मला फार विचारपूर्वक केलेला वाटतो. ताशी १० किलोमीटरपर्यंत मोटर माणसाच्या जोराच्या दुप्पट देऊ शकते, पुढे हे प्रमाण उतरत उतरत ताशी २४ किलोमीटरला शून्य होतं. म्हणजे मदत सगळ्यात जास्त मिळते ती निघताना आणि चढावर.

अमेरिकेत मोजमाप वेगळं. २००२ च्या संघीय कायद्यात ७५० वॉटपेक्षा कमी शक्ती आणि ताशी २० मैलांची मर्यादा आली. पुढे अनेक राज्यांनी तीन वर्ग मानले. पहिल्या वर्गात पायडल मारल्यावरच मदत, ताशी २० मैलांपर्यंत. दुसऱ्यात थ्रॉटलही (पायडल न मारता मोटर चालवणारी मूठ), मर्यादा तीच. तिसऱ्यात पायडलबरोबर ताशी २८ मैलांपर्यंत. कॅनडात ५०० वॉट आणि ताशी ३२ किलोमीटर. म्हणजे एका देशात बिनपरवाना चालणारी सायकल दुसऱ्या देशात बेकायदा मोटर वाहन ठरू शकते. बाहेरून मागवताना किंवा सहलीला बरोबर नेताना हे आधी तपासा. जंगलातल्या आणि डोंगरातल्या पायवाटांचे नियम तर आणखी वेगळे असतात. साध्या सायकलला मोकळ्या असलेल्या वाटा ई-सायकलला बंद असू शकतात.

वेगमर्यादा काढून टाकणारी छोटी उपकरणं मिळतात. ती लावू नका. तशी सायकल कायद्याने सायकल राहत नाही, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, वॉरंटी जाते. आणि ब्रेक व फ्रेम त्या वेगासाठी बनवलेली नसतात, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

विमानाने न्यायची असेल तर बॅटरीचा वेगळा विचार करावा लागतो. प्रवासी विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची लिथियम बॅटरी नेता येते, १०० ते १६० च्या दरम्यानची विमान कंपनीच्या परवानगीने. ई-सायकलची बॅटरी याच्या कितीतरी पुढे असते. सायकल नेता येईल, पण बॅटरी उतरल्या ठिकाणी भाड्याने मिळते का ते बघावं लागेल.

चाचणी फेरी

दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावरच्या दोन चकरांवर निर्णय घेऊ नका. चढ मागा. चढाच्या मध्यावर थांबा, खालच्या गिअरमध्ये पुन्हा निघा. सायकल झटका न देता निघाली पाहिजे. मग मोटर बंद करा आणि सपाटीला एक किलोमीटर चालवा. बॅटरी संपल्यावर घरी येताना सायकल कशी वाटेल ते इथे कळेल. मदत बंद होण्याच्या वेगाजवळही चालवून बघा. काही सायकलींत ती हळूच विरते, काहींत भिंतीला टेकल्यासारखं होतं.

नंतर सायकल उचलून बघा. ई-सायकल बहुधा २० ते २५ किलोची असते. चार पायऱ्या चढवता येत नसतील तर रोज ती बाहेर काढायचा कंटाळा येईल. बॅटरी सहज निघते का, गाडीच्या मागच्या रॅकची वजनमर्यादा किती, हेही बघा. १५-१८ किलोच्या हलक्या ई-सायकली असतात. त्यांची मोटर आणि बॅटरी लहान असते, आणि ज्याचे पाय बऱ्यापैकी तयार आहेत त्याला त्या फार आवडतात.

ब्रेक हायड्रॉलिक डिस्कचेच घ्या, विशेषतः उतार असतील तर. वजन जास्त आणि सरासरी वेगही जास्त, त्यामुळे ब्रेकवर पडणारं काम साध्या सायकलच्या कितीतरी पुढे जातं.

पहिले काही आठवडे

सगळ्यात खालच्या मदतीवर सुरुवात करा. थांबलेले असताना पायडलवर पाय ठेवायची सवय सोडा, ब्रेक धरून ठेवा. टॉर्क सेन्सर त्या वजनालाही ‘निघा’ समजतो. चढता-उतरताना जड सायकल कलली तर सावरत नाही, म्हणून उंचीने जरा कमी असलेल्यांनी किंवा वयस्कर मंडळींनी खाली झुकलेल्या नळीची फ्रेम घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही, मी स्वतः आता तीच चालवतो.

वळणाआधी पायडल थांबवा. पायडल मिनिटाला ७० ते ९० फेऱ्यांनी फिरेल असा गिअर ठेवा, मिड-ड्राइव्हला हे विशेष मानवतं. साध्या सायकलवाल्यांबरोबर निघालात तर चढावर त्यांच्या मागे राहा. पायी चालणाऱ्याला ई-सायकलच्या वेगाचा अंदाज येत नाही, तुमच्या पायांच्या संथ हालचालीवरून तो वेग कमीच धरतो. घंटा लवकर वाजवा.

देखभाल साध्या सायकलसारखीच, फक्त जरा लवकर लवकर. साखळीचा ताण मोजायचं छोटं माप मिळतं, ते जवळ ठेवा आणि साखळी वेळेत बदला, म्हणजे कॅसेट वाचते. हब मोटरच्या चाकाच्या तारा पहिल्या काही फेऱ्यांनंतर तपासून घ्या. टायरमध्ये पुरेशी हवा ठेवा. धुताना दाबाच्या पाण्याचा फवारा मोटर, डिस्प्ले आणि जोडांवर मारू नका. पावसात चालवता येते, पण पाण्यात उभी करता येत नाही.

हे सगळं अंगवळणी पडलं की तो चढ गाठा. बॅटरी पूर्ण भरून निघा. पायथ्याशी डिस्प्लेवर किती टक्के आहेत ते बघा, मधली मदत लावा, गिअर चढ लागण्याआधीच खाली आणा आणि श्वास बोलता येईल इतकाच वाढू द्या. माथ्यावर पुन्हा टक्के बघा. बॅटरी ५०० वॉट-अवरची असेल आणि ६ टक्के गेले असतील तर चढाला ३० वॉट-अवर लागले. त्याला चढाच्या उंचीने भागा. आता तुमचा स्वतःचा आकडा हाती आला, तुमच्या वजनाचा, तुमच्या पायांचा. पलीकडचा कुठलाही रस्ता नकाशावर बघून तो किती बॅटरी खाईल हे घरी बसून सांगता येईल. परतीच्या वाटेवरही तोच चढ दुसऱ्या बाजूने असेल, तर त्याचे वॉट-अवर बॅटरीत शिल्लक असतानाच मागे वळा.